रुसक्या छाप

हातखंब्याच्या तिठ्यावर श्रीपतीला त्याचा मुलगा दिसला, तेव्हा तो हापूसच्या पेटीवर होता, हसत होता आणि चांगला पाच-सहा वर्षांनी मोठा झाला होता. श्रीपती संगमेश्वरचं एक लग्न उरकून परत येत होता. हातात आहेराची टॉवेल-टोपी, पोटात मठ्ठा आणि डोक्यात काहीही नाही अशा अवस्थेत तो रत्नागिरीच्या एस.टी.ची वाट बघत उन्हात उभा होता. मे महिना होता. हायवेच्या दोन्ही अंगांना ताडपत्र्या ताणून आंब्यांचे स्टॉल लागले होते. गोव्याहून परतणारी माणसं गाड्यांतून उतरत, दिसेल त्या आंब्याला अंगठ्याने दाबत आणि 'गोड आहे ना?' असं त्या आंब्याच्या तोंडावर विचारत. श्रीपती हे बघत नव्हता, नुसता त्या दिशेला तोंड करून उभा होता, आणि पेट्यांच्या उतरंडीत वरून दुसऱ्या ओळीत त्याला तो दिसला. आता, पेटीवर मुलगा दिसला यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. श्रीपतीच्या मुलाचा, वेदचा, चेहरा गेली नऊ वर्षं आंब्याच्या पेटीवरच होता. दर हंगामात श्रीपती तो स्वतःच्या हाताने, मैद्याची खळ लावून, चारी कोपरे दाबून चिकटवत आला होता. वेद चार वर्षांचा असताना हरवला, आणि हरवलेल्या मुलाचा फोटो जिथे म्हणून लावता येईल तिथे लावायचा असतो. पण त्या फोटोत वेद रुसलेला होता. कपाळाला आठ्या, खालचा ओठ पुढे, गालावर काजळाची तीट. नऊ वर्षं तो रुसलेलाच होता आणि त्याची सवय होऊन गेली होती. हा हसत होता. तीट मात्र होती, त्याच गालावर, त्याच जागी. दहा वर्षांच्या मुलाला तीट.

"घ्या भाऊ, घ्या," स्टॉलवरची बाई म्हणाली. तिच्या हातावर तुळसा असं गोंदलेलं होतं. "अस्सल रत्नागिरी. रुसक्या छाप."

"हा रुसक्या?"

"मग कोन? मुंबयपतुर मागनी हाय त्याला."

"रुसक्या हसत नाही," श्रीपती म्हणाला.

तुळसाने पेटी स्वतःकडे फिरवून बघितली. बहुधा पहिल्यांदाच. "रुसून रुसून किती रुसंल?" ती म्हणाली. "पोर हाय ते. हसलं आता. तुमाला काय तरास?"

"मोठा पण झालाय."

"पोरं मोठी व्हतात, भाऊ. नुसतंच बघायचं आसंल तर सावलीत तरी उभं ऱ्हावा."

"आत काय आहे?"

यावर मात्र तिने त्याच्याकडे नीट, खालपासून वरपर्यंत बघितलं. "आंबे," ती म्हणाली.

त्याने पेटी घेतली. घासाघीस केली नाही, त्यामुळे तुळसाला तो वेडा आहे याची खात्रीच पटली असावी. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, पेटी मांडीवर घेतलीत तर काही नाही, सीटवर ठेवलीत तर अर्धं तिकीट पडेल. श्रीपतीने पेटीला खिडकीशी बसवलं आणि अर्धं तिकीट काढलं. गाडी हलली. मुलगा समोरच्या सीटच्या पाठीकडे बघून हसत होता. श्रीपतीला ठाऊक होतं की ही नक्कल आहे. पेटीच्या फटीतून येणारा वास त्याला घाटापलीकडच्या आंब्याचा वाटत होता, पेंढाही आपल्याकडचा नव्हता. कुणीतरी कर्नाटकी माल त्याच्या मार्क्यात भरून विकत होतं, आणि दुसरा कुणी बागायतदार असता तर एव्हाना त्या स्टॉलवर मारामारी सुरू झाली असती. पण श्रीपती मनातल्या मनात हिशेब करत बसला होता. अठ्ठ्याण्णवला चार, म्हणजे आता तेरा. तेरा वर्षांचा मुलगा अंगाने बारीक असेल तर दहाचा दिसू शकतो. खाण्यापिण्याची आबाळ झाली तर दिसतोच. फोटो जुना असू शकतो. मग त्याने स्वतःला सांगितलं की आपण दमलो आहोत, आणि तेही खरं होतं. आशा ही त्याला हल्ली भिजलेल्या चामडी चपलांसारखी वाटायची. तिच्यावाचून चालवत नव्हतं आणि पावलागणिक तिचा फचफच आवाज येत होता.

नऊ वर्षांपूर्वी, हाच तिठा, हाच मे. तेव्हा तो स्कूटरवर होता आणि मागच्या सीटवर बागेतला जुना गडी भिकाजी होता, हातात खिळे उपटायची पहार घेऊन. भाट्याच्या पुलापलीकडे श्रीपतीची बाग आहे, आजोबांनी कातळ फोडून, खड्ड्यांत बाहेरची माती आणून भरून लावलेली. बागेत मांगर आहे, माल ठेवायची कौलारू खोली. तिथे जमिनीवर पेंढ्यात आंब्याची आढी लागते आणि तिथेच पेट्या भरतात. वेदला तो पेंढा फार आवडायचा. आदल्याच आठवड्यात तो एका रिकाम्या पेटीत जाऊन झोपला होता, आणि भिकाजी हातात झाकण घेऊन आला तो ओरडला, "भाऊ, ह्यो आंबा हालतोय!" दोन दिवस सगळे हसत होते. हेमा, श्रीपतीची बायको, घरी आल्या-गेल्याला ती गोष्ट सांगत होती. म्हणून त्या दुपारी वेद दिसेनासा झाला तेव्हा कुणी फारसं घाबरलं नाही. गडी जेवून आडवे झाले होते, हेमा मांगराच्या मागे पोरसात भाजी काढायला गेली होती, श्रीपती कलमाखाली बसून दलालाशी काय बोलायचं ते ठरवत होता, आणि वाशीचा ट्रक नुकताच भरून गेला होता. भिकाजी म्हणाला, "पेटीत झोपला आसंल." आणि सगळ्यांना हे इतकं पटलं, इतकं उघड वाटलं, की कुणी दगडी गडग्यापलीकडे वाकूनसुद्धा बघितलं नाही. तिठ्यावरच्या हॉटेलात फोन करून ट्रक थांबवला. श्रीपती आणि भिकाजी पोचले. ट्रक रस्त्याच्या कडेला उतरवला आणि एकेक पेटी उघडली. आंबे. दुसरी उघडली, आंबे. प्रत्येक पेटीला आधी कान लावायचा, हाक मारायची, मग पहार घालायची. भोवती माणसं जमली. एकाने भाव विचारला. एका म्हातारीने इतके आंबे उन्हात उघडे टाकू नयेत असं सांगितलं, ते बरोबरच होतं. शेवटची पेटी उघडली, तिच्यातही आंबेच निघाले, आणि तेव्हा भिकाजी पहार खाली ठेवून हळूच म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी झोपला व्हता ना, तवा पाय भाईर व्हते त्याचे. मावत नव्हता तो." मावत नव्हता. हे सगळ्यांनी बघितलं होतं, सगळे त्यावरच तर हसले होते. चार वर्षांचा मुलगा झाकण ठोकलेल्या पेटीत मावत नाही हे एका मुलाच्या बापाला आणि जन्मभर पेट्या ठोकणाऱ्या माणसाला, दोघांनाही, ट्रकभर पेट्या उघडल्यावर कळलं. तोवर बागेत संध्याकाळ झाली होती.

मग विहीर. बागेतलं जुनं घर मोडून शहरात, माळनाक्याला, येईपर्यंत घरातल्या तीन पिढ्या त्या विहिरीवर होत्या. पंप लावून तिचा तळ काढला. तळातून दोन कळश्या निघाल्या, एक खलबत्ता, श्रीपतीच्या वडिलांचं चावीचं घड्याळ, भिकाजीची कवळी आणि एक पितळी समई, जी चोरली म्हणून सखू नावाच्या मोलकरणीला एकेकाळी कामावरून काढलं होतं. त्या घरातून आजवर जे जे हरवलं होतं ते सगळं चिखलाने माखून काठावर रांगेत मांडलं गेलं. वेद तेवढा निघाला नाही. भिकाजीने कवळी धुऊन खिशात घातली आणि तोंड फिरवून रडला. मग खाडी. राजिवड्याचे लोक होड्या घेऊन गेले, मुखापर्यंत, पार उघड्या समुद्रापर्यंत जाऊन आले, आणि रिकाम्या हाताने घरात कसं शिरायचं म्हणून जाळ्यात आलेले बांगडे देऊन गेले. पोलीस आले, त्यांनी उंची विचारली. श्रीपतीने हात जमिनीपासून धरून दाखवला. हवालदाराने त्या हवेतल्या हाताकडे बराच वेळ बघितलं आणि मग अंदाजाने आकडा लिहिला. तो हात तसा धरलेला श्रीपतीला आजही कधीकधी आठवायचा. अजून तो खाली घेतला नाही असं वाटायचं.

आणि मग कौल. गावच्या देवीला कौल लावायचं हेमाने ठरवलं. आत्माराम गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना पाण्यात बुडवलेल्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. मूल हयात असेल तर उजवी दे. उजवी पडली. हेमाने हात जोडले, आणि तिथेच थांबायला हवं होतं, पण ती म्हणाली, "कुठे आहे ते विचारा." आत्माराम कचरला. तरी त्याने एकेक दिशा घेतली. पूर्वेला कळी हलली नाही, उत्तरेला नाही, दक्षिणेला नाही. पश्चिमेला पडली. देवळाच्या पश्चिमेला माडाची एक रांग होती आणि तिच्यापुढे समुद्र, आणि समुद्रानंतर थेट मस्कत. सगळे तिकडे बघत उभे राहिले. "वहिनी, मी आधीच म्हटलेलं," आत्माराम खाली बघत म्हणाला, "देवीला दिशा विचारू नये. ती कधी बाहेर पडत नाही."

पण अहमद त्या मस्कतवर अडकला. अहमद राजिवड्याचा, श्रीपतीचा शाळेपासूनचा दोस्त, आखातात आंबे पाठवायचा. तो पडवीत येऊन बसला आणि बराच वेळ नुसता टोपी काढून घालत राहिला. मग म्हणाला, "श्रीपती, तुझी देवी पश्चिम म्हणते. माझा माल पश्चिमेलाच जातो. भिंतीवर चिकटवलेला कागद जाऊन जाऊन कुठे जाणार, चिपळूण? आंबा कुठे कुठे जातो, बघ. पेटीवर लाव फोटो." कुणाला हे विचित्र वाटलं नाही. त्या दिवसांत काहीच विचित्र वाटत नसे. फोटो एकच होता, बालवाडीच्या प्रवेशासाठी काढलेला. फोटोग्राफर प्लास्टिकचा पोपट देतो म्हणाला आणि दिला नाही, म्हणून वेद रुसला होता. खाली छापलं: हा मुलगा हरवला आहे, कळवावे. आणि घरचा फोन नंबर.

फोन यायला लागले. पहिला आला तेव्हा हेमा स्वयंपाकघरातून धावत आली ती उंबऱ्याला ठेचकाळली, तशीच लंगडत पुढे आली आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. पलीकडून दादरच्या एका बाईंनी विचारलं, "ते मुलाचं चित्र असलेली पेटी तुमचीच ना? फार सुंदर आंबा हो. अजून दोन मिळतील?" हेमा पहिल्या वर्षी अशा फोनवर रडायची. दुसऱ्या वर्षी समजावून सांगायची. तिसऱ्या वर्षी ती ऑर्डर घ्यायला शिकली, आणि शेवटी एवढंच विचारायची, "मुलगा कुठे दिसला का हो?" लोक मनापासून आठवून बघायचे आणि म्हणायचे, नाही हो, दिसला तर नक्की सांगू, बाकी पायरी आहे का? फोटो कुणी काढून टाकायला तयार होईना आणि मजकूर कुणी वाचायला. मजकूर दर वर्षी बारीक होत गेला, प्रेसवाला म्हणायचा फोटोला उठाव येत नाही, आणि एका वर्षी श्रीपतीच्या लक्षात आलं की 'हरवला आहे' हे शब्द लेबलावर नाहीतच. कधी गेले ते कुणालाच सांगता येईना. तेही हरवले. वाशीच्या मार्केटात हमालांनी वेदचं नाव रुसक्या ठेवलं. एकदा श्रीपती तिथे गाळ्याबाहेर चहा पीत उभा असताना मागून कुणीतरी ओरडलं, "रुसक्या आला! आला रे, रुसक्या आला!" तो वळला, कप पडला, आणि समोर त्याच्याच पेट्या भरलेली हातगाडी होती. तेव्हापासून तो वाशीला चहा पीत नाही. बरं, त्या लेबलाने काहीच केलं नाही असंही नव्हतं. एक मुलगा खरोखर सापडला. कराडचा होता, सुरतेत एका दुकानदाराने पेटीवर बघून पोलिसांना वर्दी दिली, वयही तेवढंच. हेमा आणि श्रीपती रात्रंदिवस प्रवास करून गेले. मुलगा त्यांच्याकडे बघून दुसऱ्याच कुणाच्या नावाने रडायला लागला. त्याचे आईबाप अजून दर दिवाळीला पेढे पाठवतात. पेढे चांगले असतात.

गाडी साळवी स्टॉपला रिकामी व्हायला लागली. श्रीपतीने पेटी मांडीवर घेतली, म्हणजे मुलाचं तोंड त्याच्या पोटाशी आलं. जे तो कुणाला बोलला नव्हता ते असं होतं: या वर्षी त्याने नवी लेबलं छापून आणली होती. त्यांच्यावर एक आंबा होता, दोन पानं, बाकी कोणी नाही. हंगाम अर्धा सरला होता आणि गठ्ठा अजून माळ्यावर, गणपतीच्या मखरामागे पडून होता, कारण हेमाला ते सांगायचं कसं हे त्याला सुचत नव्हतं. कारण विचारलं तर काय सांगणार? अंगठा दुखतो म्हणून? पण कारण तेच होतं. लेबल चिकटवताना अंगठा फिरवावा लागतो, हवा राहिली तर ते सुटतं. आधी कपाळावरून, मग दोन्ही गालांवरून, मग ओठावर. नऊ हंगाम तो दिवसभर आपल्या मुलाच्या तोंडावर अंगठा दाबत आला होता. आणि त्याचा असा काही परिणाम झाला होता की त्याला वेदचा दुसरा चेहराच आठवेनासा झाला होता. वेद हसायचा. नक्की हसायचा; पेंढ्यात लोळताना तो खिदळत असे, तो आवाज श्रीपतीला ऐकू यायचा, पण आवाजाच्या जागी तोंड बघायला जावं तर तिथे आठ्या, पुढे आलेला ओठ, न मिळालेला पोपट. आणि आज हायवेवर कुण्या चोराने त्याला हसणारा चेहरा दाखवला होता. तो आपला नाही हे कळूनही श्रीपतीला तो ठेवून घ्यावासा वाटत होता. त्याने हळूच पेटी फिरवून पुन्हा बघितलं. वेद हसला असता तर असाच हसला असता. किंवा नसता. आता कुणाचंही हसू तिथे बसलं असतं.

घरी हेमा गच्चीवर आंब्याचं साठं वाळत घालून नुकतीच खाली आली होती. कोपरापर्यंत हात पिवळे होते. "आपलीच पेटी विकत आणलीत?" तिने विचारलं. मग ती वाकली. श्रीपतीने टॉवेल-टोपी खुर्चीवर ठेवली, पुन्हा उचलली. एस.टी.त जुळवलेली सगळी वाक्यं त्याला एकदम निरुपयोगी वाटली. हेमा बघत होती, आणि तिला बघायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्याला कळलं की आपण ही पेटी तिला फसवता येईल का ते पाहायला आणली आहे. ती फसली तर आपणही फसू, आणि मग दोघांना निदान एक मोठा झालेला मुलगा होईल.

"हा वेद नव्हे," हेमा म्हणाली. "कान बघा."

"हो. मला ठाऊक आहे."

"कुणाचा हो?"

"नक्कल आहे ती. आपला मार्का चालतो ना, म्हणून कुणीतरी..."

"मार्क्याचं नाही विचारत. मुलगा कुणाचा?"

"असेल कुणाचाही."

"असं कसं कुणाचाही?" ती म्हणाली. "कुणाचा तरी हरवलाय, आणि तुम्ही हायवेवरून नुसते आंबे उचलून आलात."

श्रीपतीने समजावलं. मुलगा हरवलेला नाही, पेटीवर चित्र असतं तसं चित्र आहे, लोक देवाचं लावतात, पोपटाचं लावतात. हेमाने सगळं ऐकून घेतलं. ती काही वेडीबिडी नव्हती. बँकेचे व्यवहार तीच बघायची. "अहो, पण पेटीवर उगीच कोण लावेल स्वतःच्या मुलाला?" तिने विचारलं. लेबलाच्या तळाशी मोबाइल नंबर होता. हेमाने हात धुतले, पदराला पुसले, फोनजवळच्या स्टुलावर बसली आणि नंबर फिरवला. पलीकडचा माणूस इतका मोठ्याने बोलत होता की श्रीपतीला दारातून सगळं ऐकू येत होतं.

"बोला! किती पेट्या टाकू?"

"पेट्या नकोत," हेमा म्हणाली. "तुमचा मुलगा कधी हरवला?"

"काय?"

"पेटीवर आहे तो. कधीपासून नाही सापडत? आणि खाली लिहा ना तसं. नुसता फोटो लावला तर लोकांना कळत नाही. आम्हाला अनुभव आहे."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बारीक केला. "कोन बोलतंय?"

"मी रत्नागिरीहून. आमचाही आहे पेटीवर. रुसलेला."

माणसाचा आवाज आता लहान झाला होता, श्रीपतीला कान द्यावा लागला. "वैनी, त्याचं काय झालंय... म्हंजे आमाला म्हाईतच न्हवतं वो. आमाला वाटलं ते नुसतंच चित्र हाय. प्रेसवाला म्हनला, पोरगं रडकं दिसतंय, जरा हसरं द्या. मग आमचाच फोटो दिला, धाकट्याचा. तीट त्यानंच काढली वर. चूक झाली. उद्यापासनं काढतो, आईशप्पत."

"म्हणजे हरवलेला नाही?"

"न्हाई वो वैनी."

"घरात आहे?"

"हाय की. खेळून आलं आन झोपलंय."

हेमाने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "कुठे झोपलाय?"

"हितंच. कॉटवर." काहीतरी द्यायला हवं असं त्या माणसाला वाटलं असावं, आणि देण्यासारखं दुसरं काही नसावं. "बोलता का त्याच्याशी? उठवू?"

"नको," हेमा म्हणाली. "झोपू दे. उठवू नका."

तिने फोन ठेवला. श्रीपती दारात होता. "सापडला म्हणे," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, आणि नक्की कुणाबद्दल ते पूर्ण माहीत असूनही श्रीपती, नऊ वर्षं हवेत धरलेला हात कुणीतरी धरून खाली घ्यावा तसा, जमिनीवर भिंतीला टेकून बसला. हेमाने पेटी उघडली, एक आंबा काढून देठाशी हुंगला. "कर्नाटकचा. रसाला चालेल," ती म्हणाली. मग तिने ते लेबल पाण्याचा हात लावून, कुठे फाटू न देता, सावकाश सोडवून घेतलं आणि सुकायला खिडकीत ठेवलं. संध्याकाळ व्हायला आली होती. बाहेर रिक्षा जात होत्या. दोघं त्या मुलाच्या वाळण्याची वाट बघत बसल्यासारखे बसले होते.

"तुमच्या त्या नव्या लेबलावरचा आंबा बरा आहे," हेमा म्हणाली. "देठ मात्र चुकलाय. एवढा लांब देठ कुणी ठेवतं का?"

श्रीपतीने तिच्याकडे बघितलं.

"मखराला पॉलिश करायचं म्हणून माळ्यावर चढले होते. होळीच्या आधी."

"होळीच्या आधी? मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही नाही बोललात, मी कशाला बोलू?" तिने पदराने कपाळ पुसलं. "मला वाटलं तुम्हाला नको झालाय तो. मग वाटलं, मला तरी कुठे... फोन वाजला की मी हल्ली आधी गॅस बंद करते. पूर्वी नव्हते करत." तिने खिडकीतल्या लेबलाचा वळलेला कोपरा दाबला. "सगळ्यांवर आंबा लावा. एका पेटीवर असू दे त्याला. दर गाडीला एक. कुठची ते मला नका सांगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मांगरात नवी लेबलं लागली. अंगठा एका गुळगुळीत पिवळ्या आंब्यावरून फिरत होता आणि त्याला काहीच वाटत नव्हतं, ही गोष्ट श्रीपतीला दुपारपर्यंत खरी वाटेना. भिकाजी आता फार थकला होता. तो नुसता बसून खिळे मोजून द्यायचा आणि चुकायचा. शेवटची पेटी श्रीपतीने स्वतः भरली. पेंढा जरा जास्त घातला, आंबे जरा कमी. वर वेदला लावलं, कपाळ, गाल, ओठ, आणि झाकणाला खिळे दोनच मारले. टेम्पो भरत आला होता. अहमदचा पुतण्या अद्नान गाडी घेऊन जाणार होता. त्याने हात पुढे केला, पण श्रीपतीने पेटी स्वतःच उचलली आणि सगळ्यात मागे, सगळ्यांच्या वर, तोंड बाहेरच्या बाजूला येईल अशी ठेवली.

"ही एकच अशी का, काका?" अद्नानने दोरी ओढता ओढता विचारलं. "काय आहे ह्यात?"

भिकाजीने खिळ्यांवरून मान वर केली. श्रीपतीने पेटीला जरा कान लावल्यासारखं केलं, किंवा ती नीट बसली आहे का ते बघितलं.

"आंबे," तो म्हणाला. "हातखंब्याला सावकाश घे."